पाठीवरचे बिऱ्हाड आणि ग्वाटेमालातील चढउतार

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे आपण म्हणतो ते बहुधा कीव येऊन. दर तीन वर्षांनी बदली होणारा पोस्टमास्तर किंवा गावोगाव हिंडणारा फिरस्ता, अशांच्या वाट्याला ही म्हण येते. परंतु पाश्चात्त्य तरुण-तरुणींनी गेल्या काही दशकांत ह्याच बिऱ्हाडाला एक प्रकारची प्रतिष्ठा मिळवून दिली आहे. शिक्षण संपल्यावर आणि नोकरी लागण्यापूर्वी आठ-दहा किलोंची सॅक पाठीला लावायची, स्वस्त असेल तेथे मुक्काम करायचा, मिळेल त्या वाहनाने पुढे जायचे आणि पैसे संपले की घरची वाट धरायची, असा ह्या मंडळींचा परिपाठ. मेक्सिको आणि कोलंबिया ह्यांच्या दरम्यानच्या चिंचोळ्या भूभागात जे सात लहान देश आहेत, ते त्यांच्या विशेष आवडीचे; आणि त्या सातांत ग्वाटेमालाचा क्रमांक बराच वरचा.

२०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत चार आठवडे ह्या देशात अशा रीतीने हिंडण्याचा योग मला आला. अमेरिकेत ह्यूस्टन येथे नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने रजा काढून हा बेत आखला होता. एकटीने जायचे नाही, बरोबर कोणीतरी मोठे माणूस हवे, असा तिच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा हट्ट. तेव्हा ‘मोठे माणूस’ म्हणून बेळगावहून माझी रवानगी झाली. भाचीने पहिल्याच दिवशी माझी चाकांची बॅग तिच्या घरी माळ्यावर टाकली आणि एक सॅक माझ्या पुढ्यात ठेवली. “मावशी, तिथले रस्ते बघितलेस की कळेल तुला,” एवढेच ती म्हणाली.

ग्वाटेमालाचा विस्तार महाराष्ट्राच्या साधारण एक-तृतीयांश आहे. लोकवस्ती पावणेदोन कोटींच्या आसपास. परंतु नकाशावरील अंतराला येथे फारसा अर्थ नाही. दक्षिणेकडे पॅसिफिक महासागराला समांतर अशी तीसहून अधिक ज्वालामुखींची रांग उभी आहे, आणि देशातील बरीचशी वस्ती तिच्या कुशीतील डोंगराळ मुलखात राहते. सकाळी पंधराशे मीटर उंचीवरून निघालेली बस दुपारी तीन हजार मीटरांची खिंड चढते आणि दिवस मावळण्यापूर्वी पुन्हा खाली उतरते. शंभर किलोमीटरांना चार तास लागले तरी त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाही.

आमचा पहिला मुक्काम आंतिग्वा ह्या जुन्या राजधानीत होता. आधीची राजधानी १५४१ साली चिखलाच्या लोंढ्याखाली गाडली गेल्यावर स्पॅनिश लोकांनी १५४३ मध्ये हे शहर वसविले. १७७३ च्या भूकंपाने त्याचीही धूळधाण झाली, तेव्हा १७७६ मध्ये राजधानी आणखी एकदा हलविण्यात आली. भूकंपाने तेथेही पाठ सोडली नाही. ४ फेब्रुवारी १९७६ च्या पहाटे झालेल्या भूकंपात देशभर सुमारे तेवीस हजार माणसे मृत्यू पावली. आंतिग्वात पडलेल्या चर्चच्या कमानी, अर्धे घुमट आणि उघड्यावर आलेले खांब तसेच ठेवले आहेत, आणि त्यांच्या सावलीत फुलवाल्या बसतात. रस्ते मोठाल्या दगडगोट्यांचे. भाचीने चाकांची बॅग का काढून घेतली, हे शंभर पावलांत उमगले.

उतरलो ते एका हॉस्टेलात. आठ खाटांच्या खोलीत सहा परकी मुले, भाची आणि तिची मावशी! मंडळी वागायला सभ्य होती. रात्री उशिरा आली की दिवा न लावता चाचपडत खाटेवर चढत. त्यांच्या बोलण्यात एक विषय मात्र पुनःपुन्हा येई : कोणाला काय किती स्वस्त पडले. विमानाच्या तिकिटाला हजार डॉलर मोजून आलेला एक उंचापुरा तरुण बाजारातील विणकरणीशी दहा केत्सालांसाठी, म्हणजे सव्वा डॉलरसाठी, पाव तास घासाघीस करीत होता आणि ती जिंकल्याचे संध्याकाळी सर्वांना सांगत होता. काटकसर हा गुण खराच. पण दुसऱ्याच्या दिवसभराच्या मजुरीतून ती साधायची, तर तिला निराळे नाव द्यावे लागेल.

आंतिग्वाहून आकातेनांगो नावाच्या ज्वालामुखीवर चढण्याचा प्रघात आहे. त्याची उंची ३,९७६ मीटर. वाट सुमारे चोवीसशे मीटरांवरील खेड्यातून निघते, आणि साडेतीन हजार मीटरांच्या आसपास रात्रीचा तळ पडतो. तेथून समोरच फुएगो हा जागृत ज्वालामुखी दिसतो. फुएगो म्हणजे अग्नी. मी सॅक वाहून नेण्यासाठी गावातला हमाल केला. त्याने माझी आणि आणखी दोघांची अशा तीन सॅका एकत्र बांधल्या, कपाळावर कातडी पट्टा घेतला आणि तो आमच्या आधी तासभर वर पोहोचला. स्वतःचे बिऱ्हाड स्वतःच्या पाठीवर वाहण्याचा अभिमान ह्या वाटेवर पैसे देऊन दुसऱ्याच्या कपाळी घालता येतो. अर्थात त्या पैशांवर त्या गावातल्या चुली पेटतात, हेही तितकेच खरे. पायांखालची काळी राख अशी की दोन पावले चढावे आणि एक पाऊल घसरावे. वर इतकी थंडी की अंगावर होते नव्हते ते सर्व कपडे घालूनही दात वाजत होते. २०१७ च्या जानेवारीत ह्याच डोंगरावर थंडीने गारठून सहा गिर्यारोहक दगावले होते.

रात्री धुके विरले. दर पंधरा-वीस मिनिटांनी पोटातून हुंकार आल्यासारखा आवाज होई आणि फुएगोच्या माथ्यावरून तांबडेलाल निखारे उडून उतारावर घरंगळत जात. तळावरची मुले टाळ्या वाजवीत. आमचा वाटाड्या मात्र पाठ करून शेकोटी सारीत बसला होता. ३ जून २०१८ रोजी ह्याच पर्वतातून उसळलेल्या तप्त राखेच्या लोटाने पायथ्याचे सान मिगेल लोस लोतेस हे गाव गाडले, शेकडो माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. त्याची बायको त्या बाजूच्या गावची, असे तो भाचीला म्हणाला. पुढे तिनेही काही विचारले नाही.

एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे ते बसने. परदेशी प्रवासी तिला ‘कोंबडी बस’ म्हणतात. तेथील लोकांचा शब्द ‘कामियोनेता’. अमेरिकेत शाळकरी मुलांची ने-आण करून निकालात निघालेल्या पिवळ्या बसगाड्या इकडे आणतात, त्यांना झगझगीत लाल-हिरवे रंग देतात आणि पुढच्या काचेवर येशूचे किंवा मालकाच्या मुलीचे नाव लिहितात. बाक शाळकरी मुलांच्या मापाचे, आणि त्यांवर तीन-तीन मोठी माणसे. दारात लोंबकळणारा मदतनीस राजधानीच्या नावाचा ‘ग्वाते, ग्वाते, ग्वाते!’ असा पुकारा करतो, तेव्हा मला निपाणी-कोल्हापूरकडील वडापवाल्यांची आठवण होई. चालत्या गाडीच्या टपावर चढून तो सॅका बांधतो आणि मागच्या दाराने आत शिरतो. ह्या रंगीबेरंगी गाड्यांची दुसरी बाजू प्रवाशाला सहजी दिसत नाही. खंडणी न दिल्याबद्दल टोळ्यांनी आजवर शेकडो चालक आणि मदतनीस मारले आहेत. अंधार पडल्यावर प्रवास करायचा नाही, हा नियम आम्ही घातला तो त्याच मदतनिसांच्या सांगण्यावरून.

शाकाहाराची कथा थोडक्यात सांगते. स्पॅनिश भाषेत ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाविना. हे शब्द उच्चारले की समोरची बाई समजुतीने मान डोलावते आणि कोंबडीचे ताट आणून ठेवते. कार्ने म्हणजे बहुधा गाईबैलाचे मांस, कोंबडी त्यात धरीत नाहीत. अखेर काळ्या घेवड्याची उसळ, भात, तळलेली केळी, अंडी आणि मक्याची तोर्तिया, एवढ्यावर आम्ही चार आठवडे काढले. उसळीत डुकराची चरबी घातली आहे काय, हे मी आठवड्यानंतर विचारीनाशी झाले.

३० सप्टेंबरला आम्ही अतित्लान सरोवराच्या काठी सान पेद्रो ह्या गावी पोहोचलो. एका प्रचंड प्राचीन ज्वालामुखीच्या खळग्यात हे सरोवर साठले आहे. खोली तीनशे मीटरांहून अधिक, काठावर तीन ज्वालामुखी, आणि ह्या एका पाण्याभोवती त्सुतुहिल, काक्चिकेल व किचे अशा तीन माया भाषा बोलणारी गावे. सकाळी पाणी आरशासारखे असते. दुपारी वारा सुटला की नावा वर-खाली आपटू लागतात. एका त्सुतुहिल कुटुंबाच्या घरी माडीवरची खोली घेतली. दोन दिवस राहायचे आणि पुढे चिचिकास्तेनांगोचा बाजार, कोबानचे डोंगर, मग तिकाल, असा बेत होता. प्रत्यक्षात आम्ही तेथे तेरा दिवस राहिलो.

त्याचे कारण असे. २० ऑगस्ट २०२३ रोजी झालेल्या अंतिम फेरीत बेर्नार्दो आरेवालो हे देशाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले होते. भ्रष्टाचाराविरुद्ध त्यांनी प्रचार केला होता. सरकारी अभियोक्ता कार्यालयाने त्यांच्या पक्षाविरुद्ध खटले उभे केले आणि सप्टेंबरअखेर निवडणूक न्यायाधिकरणावर छापा घालून मतमोजणीची कागदपत्रे उचलून नेली. ह्याच्या निषेधार्थ तोतोनिकापान येथील ४८ गावांच्या पारंपरिक पंचांनी, आपल्याकडे गांधी जयंती असते त्या दिवशी, २ ऑक्टोबरला महामार्ग अडविण्याची हाक दिली. आठवडाभरात देशभर शंभराहून अधिक ठिकाणी रस्ते बंद झाले. सीमाभागात आयुष्य गेलेल्या माणसाला ‘रास्ता रोको’चे नावीन्य नसते, पण तो दोन आठवड्यांहून अधिक चालतो, हे माझ्याही अनुभवाबाहेरचे होते. गावातला गॅस संपत आला, भाजी महागली, यंत्रातून पैसे निघेनात आणि पेट्रोलसाठी नावाड्यांच्या रांगा लागल्या.

तिसऱ्या दिवशी भाची आजारी पडली. जुलाब, उलट्या आणि दुसऱ्या रात्री सणकून ताप. तोवर सारे बोलणे तिच्या स्पॅनिशवर चालले होते. मला ‘ग्रासियास’ आणि ‘सिन कार्ने’ ह्यांपलीकडे एक शब्द येत नव्हता. घरमालकीण साठीच्या आसपासची, तिची भाषा त्सुतुहिल, स्पॅनिश मोडकेतोडके. तिची मुलगी स्पॅनिशची शिक्षिका, पण ती केत्सालतेनांगोला गेलेली आणि रस्ते बंद झाल्याने तिकडेच अडकलेली. रात्री अकरा वाजता त्या माडीच्या जिन्यावर आम्ही दोघी समोरासमोर उभ्या होतो आणि आमच्यात समान असा एकही शब्द नव्हता. मी हाताने कपाळ दाखविले, पोट दाखविले. ती वर आली. तिने मुलीच्या कपाळाला आणि मग तळपायांना हात लावून पाहिला, आणि खाली गेली. थोड्या वेळाने एका भांड्यात काढा घेऊन आली. त्यात पाने होती ती मी ओळखली. पेरूची. पोट बिघडले की माझी आजी हेच करी. मी बोटांनी मीठ-साखरेची खूण केली, तिने उकळून गार केलेले पाणी आणले, आणि पहाटेपर्यंत आम्ही आळीपाळीने चमचा-चमचा पाजत राहिलो.

सकाळी गावच्या आरोग्य केंद्रात परिचारिका होती, डॉक्टर रस्त्याअभावी आले नव्हते. तिने तपासले, औषधे दिली, पैसे घेतले नाहीत, आणि उद्यापर्यंत ताप न उतरल्यास पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यात न्या, असे घरमालकिणीला सांगितले. पलीकडे जायचे ते नावेने, आणि नावांना तर पेट्रोल नव्हते. घरमालकिणीचा भाचा नाव चालवी. संध्याकाळी तो एक प्लॅस्टिकचा डबा घेऊन आला, तो उंच धरून मला त्यातील पेट्रोल दाखविले, आणि डबा आमच्या खोलीच्या दाराशी ठेवून गेला. दोन गॅलन. त्या दिवसांत तेवढ्यावर त्याची चांगली कमाई झाली असती. डबा रात्रभर तेथे होता. पहाटे तीनच्या सुमारास भाचीला दरदरून घाम सुटला, ताप उतरला, आणि तिने डोळे उघडून विचारले, “मावशी, तू झोपली नाहीस?”

तिला उठून बसायला आणखी चार दिवस लागले. त्या अवधीत मला त्या घराच्या स्वयंपाकघरात प्रवेश मिळाला. तोर्तिया ही दिसायला आपल्या भाकरीची लहान बहीण, पण तिचे कूळ निराळे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि ओलेच दळून आणतात; पहाटे गिरणीपुढे बायकांची रांग असते. हा चुना केवळ टरफल सुटावे म्हणून नव्हे. मक्यातील एक जीवनसत्त्व त्यावाचून शरीराला मिळत नाही. युरोपीयांनी मका उचलून नेला, चुन्याची रीत मागेच ठेवली, आणि मग इटली-स्पेनमधील गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग पिढ्यान्‌पिढ्या पसरला. (ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या दख्खनी कुटुंबांतही तो आढळतो, हे हैदराबादच्या पोषण-संशोधकांनी १९६० च्या सुमारास दाखविले होते, पण तेथील कारण थोडे वेगळे.) पिठाचा गोळा दोन तळहातांमध्ये टाळ्या वाजविल्यासारखा थापायचा, पोळपाट नाही की परात नाही. मी सवयीने परातीसारखे ताट ओढले, तेव्हा ती बाई आणि शेजारीण खूप हसल्या. पाचव्या दिवशी माझी तोर्तिया फुगली. त्या दिवशी कोणी हसले नाही, मला आणखी पीठ दिले.

माझ्या सॅकमध्ये चहाची पूड आणि वेलदोड्यांची पुडी होती. मी चहा केला. घरमालकिणीने वेलदोडा हातात घेऊन हुंगला, आणि कोठून आणलास, असे खुणेने विचारले. वास्तविक हा प्रश्न मी विचारायला हवा होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एका जर्मन मळेवाल्याने वेलदोडा हिंदुस्थानातून ग्वाटेमालात नेला. कोबानच्या ओलसर डोंगरांत तो इतका रुजला की गेली कित्येक दशके हा देश वेलदोड्याच्या जगातील सर्वांत मोठ्या निर्यातदारांत गणला जातो. माल जातो तो मुख्यतः अरब देशांत, तेथील कॉफीसाठी. पिकविणाऱ्या देशात त्याची चव बहुतेकांना ठाऊक नाही. पेट्रोलचा डबा आणणारा तो भाचा एक हंगाम तिकडे वेलदोडे तोडायला गेला होता. “हे खातात?” असे त्याने विचारले. चहा त्याला आवडला नाही. फार गोड झाला होता म्हणे.

पाचव्या की सहाव्या दिवशी मुलगी परतली. बरीच वाट चालून, अडथळे ओलांडीत. मग रोज सकाळी दोन तास तिने मला स्पॅनिश शिकविली. सान पेद्रोत हा धंदाच आहे. एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, आणि राहणे एखाद्या कुटुंबात. क्रियापदांच्या रूपांमधून फुरसत मिळाली की आम्ही भाषेविषयी बोलत असू, भाची मधे दुभाषी. ती म्हणाली, लहानपणी शाळेत त्सुतुहिल बोलले की गुडघ्यांवर उभे करीत. घरात एक, शाळेत दुसरी. आता २००३ च्या कायद्याने देशातील बावीस माया भाषांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता आहे आणि तिचा मुलगा शाळेत त्सुतुहिल वाचायला शिकतो. पण तो उत्तरे स्पॅनिशमध्येच देतो. आजी एका भाषेत हाक मारते, नातू दुसरीत ‘आलो’ म्हणतो. मी तिला सांगितले, आमच्या घरी मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत इंग्रजी, आणि माझा नातू फोनवर ‘आजी, आय ॲम कमिंग’ म्हणतो. भाषांतर करता करता भाची मधेच गप्प झाली. तिच्या मराठीतही ह्यूस्टन बरेच शिरले आहे.

तिचा मामा १९८२ साली रात्री घरातून नेला गेला, तो परतला नाही. हे तिने क्रियापदाचा भूतकाळ शिकविताना उदाहरण म्हणून सांगितले. १९६० ते १९९६ ह्या छत्तीस वर्षांच्या यादवीत दोन लाखांवर माणसे मारली किंवा बेपत्ता केली गेली. ज्यांची ओळख पटली त्यांतील शंभरात त्र्याऐंशी माया होती, असे १९९९ च्या सत्यशोधन आयोगाच्या अहवालात नमूद आहे. घरमालकीण त्या वेळी तवा पुसत होती. भावाचे नाव तेवढे तिला कळले. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिले.

१३ ऑक्टोबरला आम्ही निघालो, कारण भाचीचे परतीचे तिकीट वीस तारखेचे होते. नेहमी चार तासांत होणाऱ्या राजधानीच्या प्रवासाला सकाळी पाचपासून रात्री नऊपर्यंत वेळ लागला. नाव, मग मालवाहू गाडी, मग पायी, मग तीन चाकी ‘तुकतुक’, म्हणजे आपली पुण्याची बजाज, तोच आवाज आणि तोच धूर. मग पुन्हा पायी. एकंदर सात वाहने आणि चौदा-पंधरा किलोमीटर चाल. अंधारात प्रवास न करण्याचा नियम त्या दिवशी मोडावा लागला. लोस एन्कुएंत्रोस येथे महामार्गावर झाडाचा बुंधा आडवा टाकलेला, त्यामागे मालमोटारींची न संपणारी ओळ, आणि भर रस्त्यात चुली. विणलेली झंपरे घातलेल्या बायका तोर्तिया थापीत होत्या, बाजूला मरिंबा वाजत होता, आणि चांदीच्या मुठीच्या काठ्या घेतलेले पंच खुर्च्यांवर बसले होते. पायी जाणाऱ्यांना वाट मोकळी होती. एका म्हाताऱ्या पंचाने माझ्या पाठीवरची सॅक बघितली, माझे केस बघितले, आणि आपली खुर्ची रिकामी करून दिली. एक मालमोटारचालक मात्र भाचीला रडकुंडीला येऊन सांगत होता की त्याचे टोमॅटो गाडीतच सडले आणि कर्जाचा हप्ता तर ठरलेल्या दिवशीच जाणार. त्याचे म्हणणेही खोटे नव्हते.

चिचिकास्तेनांगो राहिले, कोबान राहिले. साठविलेले पैसे विमानावर घालवून तेवढे तिकाल गाठले. उत्तरेकडील सखल जंगलात हे माया लोकांचे पुरातन नगर आहे, इसवी सनाच्या तिसऱ्या ते नवव्या शतकांत भरभराटलेले. एरवी पहाटे तेथे प्रवाशांची रीघ असते. त्या सकाळी रास्ता रोकोमुळे चौथ्या मंदिराच्या माथ्यावर आम्ही पाच जण होतो. पासष्ट मीटर उंचीवर, धुक्यातून वर आलेली बाकीच्या मंदिरांची टोके बघत. खालच्या रानात माकडांनी असा घोर आवाज काढला की वाघच डरकाळतो आहे. ह्या मंदिरांच्या दारांवरच्या तुळया हजार-बाराशे वर्षे टिकल्या आहेत, त्या चिकूच्या लाकडाच्या. घोलवडच्या बागांतला चिकू मूळचा ह्याच रानांचा रहिवासी. चौथ्या मंदिरातील कोरीव तुळया मात्र तेथे नाहीत; एकोणिसाव्या शतकात त्या काढून नेल्या, आता त्या स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या संग्रहालयात आहेत. जवळच्या सरोवरातील बेटावर माया लोकांचे शेवटचे स्वतंत्र राज्य १६९७ पर्यंत तग धरून होते. शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सतरा वर्षे झाली होती तोवर.

भाचीचे वजन चार किलोंनी उतरले होते. विमानतळावर तिने आपल्या आईला फोनवर सांगितले, “अगं, मावशीला बरोबर पाठवलंस म्हणून बरं झालं.” मी खर्चाचा हिशेब केला तर औषधे, वाया गेलेली तिकिटे आणि ऐनवेळचे विमान धरून हा स्वस्त प्रवास एखाद्या यात्रा कंपनीच्या सहलीइतकाच पडला होता.

शिक्षिकेशी पत्रव्यवहार चालू आहे, फोनवरून, माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये. आरेवालो ह्यांचा शपथविधी तासन्‌तास लांबला आणि अखेर १५ जानेवारी २०२४ रोजी मध्यरात्र उलटल्यावर पार पडला. तिने लगेच एक ध्वनिमुद्रित निरोप पाठविला. त्यात फटाके ऐकू येत होते आणि मागे आई काहीतरी मोठ्याने बोलत होती. इकडे दुपार व्हायला आली होती, संक्रांतीचा दिवस. मी तिळगुळाच्या वड्यांच्या ताटाचे छायाचित्र पाठविले आणि खाली ‘माल्त्योश’ लिहिले. त्सुतुहिलमध्ये आभार मानायचा हा शब्द. संध्याकाळी उत्तर आले. तीळ त्यांच्याकडे होतात, गूळही होतो, तो पानेला म्हणून विकतात. आईला प्रमाण हवे आहे. मी लिहिले : एक वाटी तीळ, पाऊण वाटी गूळ, थोडे दाण्याचे कूट. वेलदोडा मिळाला तर घालावा.